बाटल्यांच्या बागेतला माळी

आई : पाणी नको गं. चष्मा दुरुस्त करून आणते, असं सांगून निघालेय. ते दुकान तुझ्या ऑफिसच्या खालीच आहे म्हणून बरं. तेवढ्यात लाव तो व्हिडिओ.

बातमीदार : काकू, उगाच घाबरताय. तुमच्या लेकाचा चेहरा काळा केलाय, आवाज बदललाय. तुम्हालासुद्धा ओळखू यायचा नाही.

आई : त्याचा नाही. त्याच्या मागचा ऐक, भिंतीपलीकडून येतोय तो.

बातमीदार : अंगाई? तुम्ही नातीला निजवत होतात तेव्हा.

(बातमीदार व्हिडिओचा आवाज वाढवते. घोगऱ्या, बदललेल्या बोलण्यामागून गाणं येतं : ‘नीज माझ्या साळुंके, सांज झाली काळी, बाटल्यांच्या बागेमध्ये बाप तुझा माळी.’)

आई : ही ओळ माझी आहे, पोरी. लेक पाळण्यात होता तेव्हा त्याच्या बापावर जुळवलेली, तो औषधाच्या कारखान्यात बाटल्या भरायचा. मग जन्मभर त्याच कारखान्यात लेबलं चिकटवताना तीच घोळवली. पॅकिंगच्या बाया वैतागायच्या. म्हणायच्या, अगं, त्या माळ्याला एखादी सुट्टी तरी दे. लेकाचा आवाज बदललास, आणि आईचा तसाच ठेवलास.

बातमीदार : आमचा एडिटर म्हणाला होता, मागचं पुसून टाक. मीच नको म्हटलं. मुदत संपलेल्या औषधावर नवी तारीख कशी छापतात ते हा सांगतोय, आणि मागं कुणीतरी लेकराला निजवतंय... ऐकणाऱ्याच्या काळजाला घरं पडतील, असं वाटलं.

आई : पडली की. आमच्याच.

बातमीदार : ओळखलं कुणी?

आई : काल मॅनेजर घरी आला. सहज आलो, म्हणाला. नातीला मांडीवर घेतलं. ती परक्याकडे जात नाही, लागली रडायला. तर म्हणतो, आजी, झोपवा की हिला, तुमचं ते जुनं गाणं म्हणून.

बातमीदार : मग?

आई : घसा बसलाय, म्हटलं. पोर रडून लालबुंद. तो तिला देईना, मी तोंड उघडेना. लेक दारात मूठ वळून उभा. जाताना मॅनेजर म्हणाला, घशाला जपा आजी, आपलंच औषध पाठवतो.

बातमीदार : कंपनीची नोटीसही आलीय. सोमवारी कोर्टात मला विचारणार, बोलणारा कोण. आमचे वकील म्हणतात, कायदा आपल्या बाजूनं आहे, पण अर्धामुर्धा. तरी नाव मी सांगणार नाही, काकू. आत टाकलं तरी.

आई : तू कशाला सांगशील? ते मीच सांगून बसलेय, गाऊन.

बातमीदार : अजून नुसता संशय आहे. आत्ता काढून टाकते. नाहीतर गाणं पुसून पुन्हा टाकते.

आई : आणि लोकांच्या फोनात गेलाय त्याचं काय? आता पुसलंस, तर पुसल्या जागेवरच बोट ठेवतील. शिवाय लेकानं बजावून पाठवलंय, काढू नका म्हणावं. कुणाच्या तरी पोराच्या चमच्यात पडायचं थांबेल ते औषध.

बातमीदार : तो कामावर जातोय?

आई : जातो तर. घरी बसला, तर कबूलच केल्यासारखं. आज मॅनेजरनं चहा त्याच्याच मशीनपाशी मागवला म्हणे.

बातमीदार : मग मी काय करू, सांगा ना.

आई : काही नको. मला ते एकदा ऐकायचं होतं, बस. घरात आता म्हणता येत नाही. जिन्यात त्यांचा माणूस बसलेला असतो, फोन हातात धरून.

बातमीदार : मग नात झोपते कशी?

आई : थोपटते नुसती. ती माझ्या ओठांकडे बघत राहते.