कोल्ड स्टोरेजमधली तालीम

तुम्ही हसाल, पण आमची अंटार्क्टिकाची ट्रिप मस्कतच्या वादी कबीर भागापुढे गेलीच नाही. मी आणि रत्नागिरीचा सलीम, दोघंही इथल्या कोमट समुद्रात डायव्हिंग शिकलेलो. तिकडच्या बर्फाळ पाण्यात उतरायचं म्हणून बजेट मांडलं, तर थंड पाण्यातल्या नुसत्या ट्रेनिंगचा खर्च बघूनच डोळे पांढरे झाले.

सलीम म्हणाला, "तो खर्च काट. वादी कबीरला आमच्या मासळी कंपनीचं कोल्ड स्टोरेज आहे ना! फुकटात गारठू. यल्ला, चल!"

शुक्रवारी सुट्टी, तिथे चिटपाखरू नव्हतं. सलीम डायव्हिंगचा सूट चढवून आत बसला, मी बाहेर दाराशी. जाड दारातून बोलणं ऐकू जात नाही, म्हणून ठरवलं की एक ठोका म्हणजे ठीक आहे, दोन ठोके म्हणजे दार उघड.

मी ठोका मारला की आतून लगेच एक ठोका यायचा. जरा वेळाने मी दार उघडलं, तर सलीम पार टोकाला, मागच्या भिंतीला कान लावून उभा.

"तू मागच्या बाजूला कशाला गेलास?" तो माझ्यावरच खेकसला. "मघापासून तुला या भिंतीवरून उत्तर देतोय."

"मी दारापासून हललोच नाही," मी म्हणालो. "आणि मला उत्तरं दारावरच मिळत होती."

"खलास. चल बाहेर."

बाहेर येऊन त्याने कडी घातली. रिकाम्या खोलीतून ठोके आले.

दोन.