दगडूचा खालचा सूर

जमलेल्या मंडळींनो, दगडूच्या घरच्यांनो,

मला बोलायला येत नाही. चौथीत शाळा सुटली. सकाळपासून चहासुद्धा घेतला नाही. पण दगडूची लेक सुनंदा म्हणाली, "काका, तुमीच बोला. बापूंचं तुमच्याशिवाय कोण व्हतं?" म्हणून उभा आहे.

मीही तेच समजत होतो. परवा ते खोटं निघालं.

दगडू खोडदच्या त्या मोठ्या रेडिओ दुर्बिणीच्या आवारात माळी होता, तुम्हाला ठाऊक आहे. भजनात तो माझ्या मागं बसायचा. मी चाल धरायचो, मंडळी उचलायची. सगळे एका सुरात, आणि दगडू खाली कुठंतरी भलतंच. किती वेळा सांगितलं त्याला. ओतूरच्या सप्ताहात चारचौघांत सांगितलं, "दगडू, सुरात ये राव. मंडळाचं हसं होईल." तो हसायचा. "तू तुझं म्हण, बबन्या. मी हाय खाली." मला वाटायचं, याचा कान गेला. काळजीनं मला झोप लागायची नाही.

परवा सुनंदानं खाटेखालचा खोका काढला. आत कॅसेटी. दुर्बिणीवर आलेल्या कुणा परदेशी पाहुण्यानं जाताना दिलेल्या. एस्टोनिया नावाच्या देशातलं गाणं-वाजवणं. एकीत पुष्कळ व्हायोलिनं. एकीत सनईसारखं काहीतरी, मनाला येईल तसं वाजवलेलं. त्याला जॅझ म्हणतात, सुनंदा म्हणाली. आणि एकीत नुसती माणसं गात होती. पेटी नाही, टाळ नाही. बायका वर, पुरुष खाली. प्रत्येकाची वाट वेगळी आणि तरी सगळं एक. त्या खालच्या वाटेवर मला दगडू ऐकू आला. भजनात तो माझ्या मागं म्हणायचा, ते असंच होतं.

सुनंदा म्हणाली, "बापू रोज संध्याकाळी ऐकायचे. दार लोटून."

"मला का नाय सांगितलं?"

"म्हणायचे, बबन्याला कळू देऊ नगं. भजन बिघडलं म्हणून जिवाला लावून घेईल."

दगडू, तू मला फसवलंस. गेलेल्या माणसाला असं बोलू नये म्हणतात. मग मी कुठं जाऊन बोलू? इतकी वर्षं मी गावासमोर तुला सूर शिकवत राहिलो, आणि तू मला शिकवू दिलंस. एकदा घरी बोलावून कॅसेट लावली असतीस, तर काय झालं असतं? घाबरलो असतो. दोन दिवस नीट जेवलो नसतो. पण तिसऱ्या दिवशी तुझ्या खाटेवर येऊन बसलो असतो ना?

काल एकादशीचं भजन झालं. सगळे एका सुरात. मला हवं होतं अगदी तसं. मी मधेच थांबलो. मंडळींना वाटलं, रडू आलं. तसं नव्हतं. खाली कुणी नव्हतं.

आता सगळे उभे राहा. थोडा वेळ कुणी काही म्हणू नका.

दगडू, सुरात ये, असं आज मी म्हणणार नाही. तू तुझं म्हण.