मूठभर सुस्त

टोकियोतल्या विद्यापीठाच्या उपाहारगृहात रांगेत माझ्यापुढे दोघं संशोधक उभे होते.

"कुवाबारा, पॉलिमरच्या द्रावणाचं काय झालं रे?"

"तापवलं तसं पाणी वेगळं व्हायला लागलं, निशिओताई. पॉलिमर एवढंसं, म्हणून त्याचे थेंब होतील म्हटलं, तर जाळंच झालं! चुकलं वाटून फेकून दिलं."

"अरे शहाण्या, तेच तर बघायचं होतं! पॉलिमरच्या रेणूंच्या त्या लांब साखळ्या सुस्त असतात. एकमेकींत गुंततात, ताणल्या तरी लवकर सुटत नाहीत. चपळ पाणी मधल्यामध्ये अडकून बसतं."

"म्हणजे मूठभर सुस्तांपायी सगळ्यांचा खोळंबा?"

"अगदी तुझ्यासारखं."

"आणि मलाच माझे भाऊबंद ओळखू येऊ नयेत!"

काउंटरवरच्या मावशी ओरडल्या, "अहो, नूडल्स कोणत्या, सोबा की उडोन? रांग दारापर्यंत गेलीय!"

"थांबा हो मावशी, जरा विचार करू द्या," कुवाबारा म्हणाला.