एका पायाचा स्टँड

अगं, ह्यांनी कॅमेऱ्यासाठी स्टँड घेतला ते तुला सांगितलंच नाही का? मागची कॅसेट पुण्याला पाठवली, तेव्हा सासूबाई म्हणाल्या, चित्र हलतंय, बघताना गरगरतं. म्हणून आमच्या इथे कॉव्हेंट्रीतल्या दुकानात गेलो. मी म्हटलं, "तीन पायांचा घ्या, हात सोडला तरी उभा राहील."

"तुला काय कळतं? एका पायाचा हलका असतो. सईच्या मागे फिरवता येतो."

दुसऱ्याच दिवशी आमची सई पहिल्यांदा चालली. मी किचनमधून धावत येईपर्यंत चार पावलं टाकून ह्यांच्या पुढ्यातच धाडकन पडली. ओठातून रक्त! आणि हे आपले स्टँड धरून उभे.

"अहो, उचला की तिला!"

"सोडला तर कॅमेरा पडेल ना!"

शेवटी मीच उचललं तिला. वर तीच कॅसेट ह्यांनी कौतुकाने पुण्याला पाठवली. सासूबाईंचा फोन आला, तो मीच घेतला.

"चित्र अगदी स्थिर आलंय गं," त्या म्हणाल्या. "पोर पडली तरी हललं नाही. कॅमेरा कुठल्या दगडाने धरला होता?"

मी ह्यांना म्हटलं, "आता हात रिकामे आहेत ना? घ्या फोन."