मनवाचा गुरुवार

जुई : पासपोर्टवर पंधरा जून आहे, बाबा, आणि लसीच्या कार्डावर सोळा. व्हिसावाल्यांनी मनवाचे कागद परत केले, ते एवढ्याचसाठी.

गुरुदत्त : कार्ड दवाखान्यातल्या परिचारिकेने भरले. जन्मनोंदणीचा अर्ज मी भरला. अर्ज यथार्थ आहे.

जुई : मनवा पहाटे सव्वातीनला झाली. तारीख मध्यरात्रीच बदलते. आणि बाळंतीण मी होते हो!

गुरुदत्त : वार सूर्योदयाला पालटतो, सूनबाई. सूर्योदयाला पावणेतीन तास अवकाश होता. म्हणजे गुरुवार सरला नव्हता, आणि गुरुवारी पंधरा तारीख होती.

दुर्गा : अहो, पंचांग देवघरात ठेवायचं. महापालिकेच्या अर्जात कशाला शिरवलंत?

जुई : अभिषेक तेव्हा नुकता जर्मनीला गेला होता आणि मी पडून, म्हणून अर्ज तुमच्या हाती आला. त्यावरून दाखला, दाखल्यावरून पासपोर्ट. आता ज्यानं अर्ज भरला त्याचंच प्रतिज्ञापत्र मागतायत. भोईवाड्याच्या कोर्टाजवळच्या नोटरीकडून मजकूर टाइप करून आणलाय. तो पाचपर्यंत बसतो.

गुरुदत्त : वाच.

जुई : ‘मी, गुरुदत्त पाठारे, माझ्या नातीची जन्मतारीख अनवधानाने चुकीची नोंदवली...’

गुरुदत्त : थांब. अनवधान नव्हते. मी पंचांग दोनदा पाहून लिहिले आहे. जे घडले नाही ते शपथेवर कसे सांगू?

जुई : उद्या सकाळी कागद दिले नाहीत, तर पुढची वेळ दीड महिन्यानं. विमान एकवीसला आहे. मी काय करू? थोरलीला, ऋग्वेदाला, घेऊन जाऊ आणि दोन वर्षांच्या मनवाला इथे सोडू?

गुरुदत्त : इथे तिला काय उणे आहे?

(दुर्गा हातातल्या झबल्याची पुन्हा घडी घालते.)

दुर्गा : हे आत्ता खरं बोललात.

गुरुदत्त : मी तत्त्वाविषयी बोलत होतो.

दुर्गा : तत्त्वाला नाती नसतात. तुम्हाला दोन आहेत. शब्द अडलाय, की पोरींना अडवायचंय?

गुरुदत्त : मला वाटत होते, शब्दच.

जुई : बाबा, तिचा बाप तिला फोनवरच ओळखतो. परवा तिनं त्याला ‘काका’ म्हटलं.

गुरुदत्त : अभिषेक काय म्हणाला?

जुई : हसला. मग म्हणाला, नेटवर्क जातंय, आणि ठेवला.

गुरुदत्त : दुर्गा, माझा चष्मा आणि आधारकार्ड दे.

दुर्गा : सदरा बदला आधी. त्यावर हळद सांडलीय.

जुई : ‘अनवधानाने’ काढून दुसरा शब्द घालायला सांगू का नोटरीला?

गुरुदत्त : नको. शब्द पालटत बसलो तर पाच वाजतील. सही त्याच्यासमोरच करायची ना?

जुई : हो. आधी विचारेल, मजकूर वाचून समजला का म्हणून.

गुरुदत्त : विचारील तेव्हा होकार देईन. टॅक्सीत मात्र तो कागद तुझ्याजवळच ठेव. माझ्या हाती आला, तर मी वाटेत उतरेन.