मद्राशी सिनेमा आणि मामाची पोरगी

...न्हाई, मी म्हंतो, कुणी सांगितलं व्हतं त्यो सिनेमा पुन्यांदा लावायला? भाऊबिजेचा दिस, घरात चार माणसं जमलेली, अनारसे खा, लवंडा, शेताकडं चक्कर मारा... पर न्हाई! आमच्या आईला, छबुबाईला, नेमका त्योच मद्राशी सिनेमा पायजे. "बजरंग, त्यो लाव रं, त्यात ती मोठ्या डोळ्याची पोरगी रडती बग!" आता मद्राशी सिनेमात मोठ्या डोळ्याची पोरगी रडत न्हाई, असा कंचा सिनेमा हाय? पर मला बरुबर कळलं. कळणार न्हाई व्हय? माझी सारी जिंदगी त्या सिनेमानं उसवली! तुमाला सांगतो, भाषा कळत न्हाई तवरच सिनेमा चांगला.

तवा मी मिसरूड फुटलेला गडी. तलवाड्यात आमच्या आळीला एकच टीव्ही, आन रविवारी दुपारी त्याच्यावर परमुलखातले सिनेमे. खाली इंग्रजी अक्षरं पळायची, ती वाचायची कुणी? आमी एक वळ वाचस्तवर हिरो गावाला जाऊन परत यायचा! पर आमच्याकडं पंडित व्हता. पंडित मद्रासला फरशी बसवायच्या कामावर गेलता, म्हून त्याला मद्राशी येती, असं त्योच म्हणायचा. टीव्हीपाशी हुबा ऱ्हाऊन हात नाचवत सांगायचा, "आता ही म्हंती, तुझ्याबिगर जगणार न्हाई. आता ह्यो म्हंतो, म्या बी न्हाई." आईनं इचारलं, "आरं, पर ही त्याची कोण?" पंडित जराबी न अडखळता म्हणला, "मामाची पोरगी!"

झालं! मामाची पोरगी म्हणल्यावर आख्खी आळी पेटली. आपल्याकडं मामाची पोरगी म्हंजी हक्काची! आई पदरानं डोळं पुसत म्हणली, "मंग लावून द्या की, मेल्यांनो! आई-बाप हायत का कसाई?" सावित्री मावशी चकलांब्याहून आलती, ती तर हुंदके देऊन रडली. आन दाराच्या चौकटीला टेकून मावशीची पोरगी बसलती. विजयमाला. सिनेमाकडं बगतच नव्हती ती, माझ्याकडं बगत व्हती.

आता तुमीच सांगा, आईच्या भावाची पोरगी चालती, आईच्या बहिणीची कावून चालत न्हाई? आजा त्योच, रगत तेच, नाक सुदीक तेच! पर आईचा भाऊ असला तर मांडव, आन बहीण असली तर राखी. ह्यो कायदा कुणी केला त्याचा पत्ता द्या मला, आत्ता येष्टी धरतो! आमी दोघं लहानपनापासनं... जाऊ द्या. जीव व्हता. लई जीव व्हता. शेवट यायच्या आधीच लाईट गेली. पंडित म्हणला, "पुढं लगीन हुतंय, म्या मद्रासला बगितलाय." माणसं उठायच्या गडबडीत माला कानाशी आली, "तुझी आई किती रडली बग. आता इचार तिला."

इचारलं! दुसऱ्या दिशी आई भाकरी थापत व्हती तवा इचारलं. भाकर तव्यावर करपली आन फुंकणी माझ्या पाठीवर बसली. "बहीण हाय रं ती तुझी! बहीण!" म्या म्हणलं, "आई, काल तू रडलीस की!" "ती मामाची पोरगी व्हती!" घ्या! मिरगाच्या आत मालाचं लगीन उरकलं. तिला सख्खा भाऊ न्हाई, मंग नवरदेवाचा कान पिळायला कोण? मी! आख्खा मांडव हसतोय, "पिळ रं बजरंग, जोरात पिळ!" आन माला मान खाली घालून म्हणली, "बास की, दादा." तवर मला कवाच दादा म्हणली नव्हती. एवढा एकच शबूद, पर कान त्याचा पिळला आन डोळ्यात पाणी माझ्या. पुढल्या उन्हाळ्यात माझं बी लगीन लागलं. कुणाशी? रोहिणीशी. मामाच्या पोरीशी! आईनं सिनेमातला न्याय मला दिला बगा. म्हून म्हंतो, भाषा कळत न्हाई तवरच सिनेमा चांगला.

तर ह्या भाऊबिजेला आई, मावशी आन माला, तिघी टीव्हीम्होरं. रोहिणी आत ओवाळायचं ताट करतीय. आन आता त्या सिनेमात हिंदी आवाज भरलाय, समदं कळतंय! निम्म्यात ती मोठ्या डोळ्याची पोरगी हिरोला म्हणली, आपल्या दोघांच्या आया सख्ख्या बहिणी हायत... माझ्या हातातला अनारसा हातातच. पंडित्या! मुडद्या! मामाची पोरगी कुठली आलती रं? मावसभावंडं व्हती ती! आन लगीन तरी कुठलं? शेवटी पोरीला दुसऱ्याच्या घरी धाडत्यात, पोरगा बैलगाडीच्या मागं चालत ऱ्हातो, गाडी दिसंनाशी हुती तरी चालतच ऱ्हातो... बगवंना हो. भाषा कळत न्हाई तवरच, म्हणलं न्हवतं का!

मला वाटलं, आता आई म्हणंल, बंद कर ते. तर आई रडतीय! ढसाढसा! समदं कळून रडतीय! आन पदर तोंडाला लावून म्हणती, "लावून द्यायचं की रं लेकरांचं. काय बिघडलं असतं?" माला भिताडाकडं बगत बसली. ज्या एका वाक्यासाठी जलमभर झुरलो ते आलं, कवा, तर मालाची केसं पांढरी झाल्यावर!

तेवढ्यात दारात रोहिणी. हातात ताट, वात लावलेली. आईकडं बगून सावकाश म्हणली, "आन मंग माझं काय झालं असतं, आत्या?"

भांडायला न्हाई म्हणली हो. नुसतं इचारलं. इतकी वर्सं मला वाटायचं, ह्या घरात दुखणं माझ्या एकट्याचं हाय. बाई समदं जाणून भाकरी वाढत व्हती, दर भाऊबिजेला मालासाठी ताट बी तीच भरत व्हती! आता मालानं तिच्याकडं बगितलं, तिनं मालाकडं, ताट दोघींच्या मधी, ना ही सोडती ना ती घेती. आई रडतीय, मावशी रडतीय... शेवटी मीच पाट वढला, टोपी घातली आन बसलो. म्हणलं, बायांनो, कुणाचा भाऊ, कुणाचा नवरा, कुणाचा पोरगा, जिचा जो असंल त्यो ओवाळून घ्या, तसं बी मला आता जायचंय कुठं?