काशीबाईंच्या नावाचं खातं

अनुज : ताई, फक्त तुझं आधार नि पॅन दे. बाकी सगळं मी करतो. चांदी आज वर चाललीय, उद्या हातातून जाईल.

हेमाली : एवढ्यासाठी मला पालघरहून बोलावलंस? फोनवर म्हणालास आईला बरं नाही. ती तर बाहेर बोंबील वाळत घालतेय!

अनुज : खरं सांगितलं असतं तर आली असतीस? कारखान्यातून काढल्यापासून बोईसरला गेटागेटावर फिरतोय. वॉचमनच परतवून लावतात. मी करू काय?

हेमाली : म्हणून सौदे? आधीच्या अ‍ॅपवर क्रूड तेलाच्या सौद्यात हात पोळले ना एकदा?

अनुज : ते अ‍ॅप खरं होतं, चूक माझी होती. पण तिथं सौद्याआधीच इतके पैसे ठेवायला लावतात! हे नवीन बघ. थोड्या पैशात मोठा सौदा होतो. ग्रुपवर लोक रोज नफ्याचे फोटो टाकतात.

हेमाली : त्यातल्या एकाला तरी भेटलायस?

अनुज : नाय. पण खाली सेबीचा नोंदणी नंबर हाय.

हेमाली : दाखव. थांब, सेबीच्या साइटवर टाकून बघते... अनुज, हा नंबर दुसऱ्याच कंपनीचा आहे.

अनुज : काहीतरी चुकलं असेल. परत टाक.

हेमाली : दोनदा टाकला. नशीब, अजून काही भरलं नाहीस. काढून टाक हे अ‍ॅप... मोबाइल का लपवतोस?

अनुज : त्यात पैसे हायत, ताई.

हेमाली : कोणाचे? तुझ्याकडे तर काही उरलं नव्हतं.

अनुज : दुप्पट झालेत, बघ ना! फक्त काढायला गेलं की म्हणतात, आधी कर भरा. तेवढा भरला की सगळे सुटतील. त्यासाठीच तुझ्या नावावर कर्ज काढायचं होतं.

हेमाली : आणि मला सांगतोस चांदी! पैसे कोणाचे, ते बोल.

(काशीबाई पदराला हात पुसत दारात येतात.)

काशीबाई : माजे असतील. बोट विकली त्याचे.

हेमाली : आई, तुला माहीत होतं?

काशीबाई : आता समजलं, तुमी ओरडता ते ऐकून. ह्यानं मोबाइल माज्या तोंडासमोर धरला. म्हनला, पेन्शनवाल्यांना तू जिवंत हायस ते दाखवायचं हाय, डोले मिचकाव. मी मिचकावले.

अनुज : तुझ्या नावानं ह्यात खातं उघडलं नि बोटीचे पैसे त्यात टाकले, आई. तुला कळायच्या आत सगळं परत ठेवणार होतो.

काशीबाई : तुजा बाबा दर्यात गेला तो आला नाय. तू तरी जाऊ नको, म्हनून बोट विकली मी.

अनुज : माहीत हाय गं मला! ताई, पाया पडतो तुझ्या. एवढं एक कर्ज काढ. पैसे समोर दिसतायत मला!

हेमाली : नुसते आकडे आहेत रे ते! कर भरलास तर तेही गिळतील. मी सायबरवाल्यांना फोन लावते.

अनुज : नको! तक्रार केली की अ‍ॅपवाले खातं बंद करतील.

हेमाली : हॅलो? हो, दांडी गावातून बोलतेय... खातं आईच्या नावावर आहे... बरं. लगेच निघतो.

अनुज : काय म्हणाले?

हेमाली : तक्रार घेतली. पैसे परत मिळतीलच असं नाही म्हणाले. पोलीस ठाण्यात जाऊन लेखी द्यायचं.

अनुज : म्हणजे गेले. सगळ्या गावाला कळणार आता. त्यापेक्षा मी...

काशीबाई : त्यापेक्षा काय? अनुज, इकडं बघ. कुटं चाललास? बस. माज्याजवल बस.

अनुज : आई, मला काय सुचत नाय गं.

काशीबाई : नाय सुचलं तरी चालंल. हेमाली, तू रिक्षा बोलव. खातं माज्या नावाचं, तक्रार मीच देनार.

अनुज : आणि त्यांनी विचारलं, हे केलं कोणी?

काशीबाई : माज्या पोरानं केलं म्हनून सांगेन. तू माज्या बाजूला उभा रा.